गोटीच्या वाटीतले दहा दिवस

गोटी हे नाव माझ्या मुलानं ठेवलं तेव्हा ते शोभत होतं. बेकरीत मैद्याच्या पोत्यांमागे सापडलेलं पिल्लू त्यानं शर्टाच्या खिशात घालून आणलं. काढायला गेला तर आधी पेन हाताला लागलं, मग रुमाल, मग कुत्रा. पुढच्या चौदा महिन्यांत त्याची अशी वाढ झाली की सकाळी बांधलेला पट्टा संध्याकाळी एक भोक सैल करावा लागे. एकदा तो सोफ्यावर झोपलेला असताना मी भाजी आणायला गेलो, परत आलो तर त्याचे मागचे पाय सोफ्याच्या बाहेर आले होते. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. सोफा अजून घरात आहे, येऊन मोजून घ्या.

मी चौतीस वर्षं एका सात मजली कचेरीत लिफ्ट चालवली. लिफ्टमनला गोष्ट सांगायला तळमजला ते सातवा एवढीच सवड, म्हणून ती पहिल्या मजल्यावर फुगवायची आणि सातव्याचं दार उघडायच्या आत फोडायची, हे अंगात मुरलं. माणसं हसत बाहेर पडत. मी रिकामी लिफ्ट घेऊन खाली येई.

आता ऐकायला घरात माणसं आहेत, पण झोपलेली. सून इस्पितळात नर्स, कायमची रात्रपाळी. सकाळी साडेआठला येते, साडेनऊला पडते, तीनला उठते, उभ्या उभ्या चार घास खाते आणि दोन घरच्या म्हाताऱ्यांना इंजेक्शनं टोचून तिकडूनच पाळीवर जाते. मुलगा भट्टीवर. काळोखात जातो, दुपारी दोनला भुतासारखा पांढरा होऊन येतो आणि जेवताना तोंडात घास असतानाच डुलायला लागतो. मी पहाटे पाचला उठणारा, त्यामुळे दुपारी दोन वाजल्यावर माझेही डोळे मिटतात. अशी आमची तीन माणसं, एका घरात तीन वेगवेगळी गावं असावीत तशी राहतात. दोघांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण जागेपणी भेटलेले तास मोजले तर अजून हनिमूनही आटपलेला नसेल.

म्हणून घरात एकच नियम. झोपलेल्याला उठवायचं नाही. भांडं आपटायचं नाही, खोकला आला तर बाल्कनीत जायचं. बोलायचं असेल ते कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावायचं, आणि काम झालं की त्या कागदावर रेघ मारायची. पाण्याची टाकी भरली, रेघ. तात्यांनी गोळी घेतली, रेघ. तात्या म्हणजे मी. कोण काय म्हणालं ते कुणी कुणाला विचारत नाही, फ्रिज बघतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं माझ्या पदरचं वाटेल. आमच्या घरात वार कुणालाच धड माहीत नसतो. सुनेचा सोमवार रविवारी संध्याकाळी सुरू होतो. मुलगा कामावर निघतो तेव्हा आदल्या दिवसाचं जेवण त्याच्या पोटात असतं, म्हणून तो कालचाच वार धरून चालतो. आणि निवृत्त माणसाला सगळे वार एकाच मापाचे शिवलेले. त्यामुळे डोकं एक सांगत असेल आणि फ्रिज दुसरं, तर आम्ही फ्रिजचं ऐकतो. आजवर नडलं नव्हतं.

तर, घरात दिवसभर जागा असणारा आणि माझं ऐकून घेणारा एकच प्राणी होता, गोटी. मी कुजबुजत सांगायचो, तो कान टवकारून ऐकायचा. पाचव्या मजल्यावर लिफ्ट अडकली तेव्हा मी आत अडकलेल्या साहेबांना तीन भाषा शिकवल्या, ही गोष्ट त्यानं किमान चाळीस वेळा ऐकली असेल आणि एकदाही जांभई दिली नाही. सुनेच्या माहेरची माणसंसुद्धा दुसऱ्यांदा ऐकताना घड्याळ बघतात.

एका बुधवारी मी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाई बुटक्या, आवाज मात्र माडीवर जाईल असा, आणि मनगटावर कायम कुणाच्या ना कुणाच्या दातांची ताजी खूण. गोटी वजनकाट्यावर बसला, म्हणजे जेवढा मावला तेवढा बसला.

"आजोबा, याला खायला काय घालता?"

"पिल्लांचं अन्न. निळ्या पोत्यातलं."

"हा पिल्लू आहे?"

"मनानं आहे," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "फासळ्या शोधाव्या लागतायत. पिल्लांच्या अन्नात वाढीचा माल असतो. याची वाढ झाली. आता तो सगळा माल चरबीत जाणार आणि कंबरेचे सांधे कुरकुरणार. मोठ्या कुत्र्याचं अन्न सुरू करा. पण एकदम नाही हं. पहिले तीन दिवस पाव भाग नवं, बाकी जुनं. पुढचे तीन दिवस अर्धं-अर्धं. पुढचे तीन दिवस पाऊण भाग नवं. दहाव्या दिवशी सगळं नवं. समजलं?"

"समजलं."

"घाई केलीत तर पोट बिघडेल. मग मला नावं ठेवायला येऊ नका."

घरी येऊन मी हे सगळं ठळक अक्षरात एका कागदावर लिहिलं, खाली रेघांसाठी जागा सोडली आणि कागद फ्रिजला लावला. गोटीला खायला तीनदा. सकाळी नऊला सून घालायची, दुपारी दोनला मुलगा, संध्याकाळी सातला मी. दोन पोती शेजारी शेजारी ठेवली, निळं जुनं आणि तपकिरी नवं, आणि मोजायला मधे एक वाटी. स्वतःवर खूश होऊन मी बाल्कनीत जाऊन खोकलो.

रविवारी दुपारी गोटीचं पोट गेलं.

यात मी फुगवून सांगण्यासारखं काही नाही, कारण ते आधीच फुगलेलं होतं. मी तीन बादल्या पाणी ओतलं, चौथी ओतेपर्यंत पहिलीची जागा पुन्हा भरली. घरातली फिनेलची बाटली संपली तसं कपड्यांचा साबण वापरला, तो संपल्यावर दाढीचा. गोटी प्रत्येक वेळी कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि मागे वळून माझ्याकडे बघायचा. एवढं मोठं जनावर, पण इतकं लाजलेलं मी लिफ्टमधेही कुणी पाहिलं नाही, आणि तिथं काय काय झालंय ते सांगत नाही. घरात एक आत झोपलेला, म्हणून पोछा पिळायचा तोही हळू, थेंब थेंब. संध्याकाळी माझी कंबर सरळ होईना. गोटी माझ्या पायावर हनुवटी टेकून पडला आणि त्याच्या पोटात भिंतीतल्या नळासारखं गुरगुरत राहिलं.

सोमवारी सकाळी सून आली. दारात तिनं बूट काढले, दोन पावलं आत आली आणि थांबली. मी पहाटे पुसलेल्या जागेच्या पलीकडे एक नवी जागा झाली होती. तिचा पाय नेमका तिथेच पडला होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली, मोजा उलटा करून काढला आणि हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"तात्या, बारा खाटा आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "काल दोन जण गेले. रात्रभर मी हेच पुसते. पुसायचं, चादर बदलायची, परत पुसायचं. तिथून सुटून येते आणि इथं परत तेच."

"नवं अन्न आहे ना, पोरी. बसेल एक-दोन दिवसांत."

"दोन दिवसांत बसेल म्हणालात आणि नाही बसलं तर?" तिनं मोजा बादलीत टाकला. "काल निघतानाच हे बघितलं होतं मी. दादाशी बोलले येता येता. त्याच्या लाकडाच्या वखारीत राखणीला कुत्रं हवंय. येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतोय."

"वखारीत कुठं ठेवणार त्याला?"

"दाराशी."

"साखळीला?"

"साखळी लांब आहे म्हणाला."

मग ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. तिचं खरंच होतं. मी गोटीकडे बघितलं. बारा पावलांच्या साखळीला बांधलेला गोटी माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला, समोरून ट्रक जातायत, लाकडं पडतायत आणि ऐकवायला कुणी नाही. आणि इथं मी, रिकाम्या घरात, बाल्कनीत जाऊन खोकणारा. रविवारपर्यंत त्याचं पोट जागेवर यायला हवं होतं.

सोमवारी नाही आलं. मंगळवारीही नाही. मुलगा दोनला आला, नाक धरून पोत्याकडे बघितलं आणि कागदावर लिहून गेला, "तपकिरी पोतं खराब असणार. बदलून आणा." मी बदलून आणलं. काही उपयोग नाही. गोटीनं आता वाटीकडे बघायचंही सोडलं. बुधवारी सकाळीच मी त्याला पुन्हा बाईंकडे नेला. जाताना तो तीन ठिकाणी बसला आणि मी पाच ठिकाणी.

"घाई केलीत," बाई त्याचं पोट दाबत म्हणाल्या.

"अजिबात नाही. दहा दिवस पुरे केले. रेघा मारल्यात मोजून."

"दहा?"

"दहा."

बाईंनी वही उघडली, बोट खाली खाली नेलं. "आजोबा, तुम्ही मागच्या बुधवारी आला होता. आज बुधवार. एका आठवड्यात दहा दिवस कसे बसवलेत?"

मी तोंड उघडलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यातून काही बाहेर पडलं नाही.

बाईंनी भात शिजवून द्यायला सांगितला, दोन दिवस, मीठ न घालता. मग पोट सावरेपर्यंत जुनंच अन्न. मग पहिल्यापासून. "आणि या वेळी खरे दहा दिवस," त्या म्हणाल्या. "चोवीस तासांचे."

घरी येऊन मी फ्रिजसमोर उभा राहिलो. पहिली रेघ निळ्या पेनची, छोटी, नीट. सुनेची. दुसरी काळ्या मार्करची, जाडजूड, खाली मैद्याच्या बोटाचा ठसा. मुलाची. तिसरी पेन्सिलीची, थरथरती. माझी. चौथी परत निळी. पाचवी काळी. सहावी पेन्सिलीची. आमच्या घरात रेघ म्हणजे काम झालं. दिवस झाला असं कुणी ठरवलं होतं? गोटी दिवसातून तीनदा जेवतो, तीन रेघा पडतात, आणि पुढचा माणूस येऊन मोजतो आणि म्हणतो, अरे, चौथा दिवस उजाडलासुद्धा, घाला अर्धं-अर्धं. गुरुवारी सकाळी सुरुवात केली आणि रविवारी सकाळी दहावी रेघ पडली. जिना चढावा तसं एकेक पायरी बाईंनी सांगितलं होतं, आणि आम्ही तिघांनी मिळून ते लिफ्टनं वर नेलं.

मी स्वतःही तेच केलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाच रेघा बघून मी म्हणालो होतो, वेळ कसा जातो बघ, गोटी.

सून अजून झोपली नव्हती. तिनं नळाखाली पाय धरले होते.

"पोरी, कळलं मला. कुत्र्याचा दोष नाही. आपण दहा दिवस सव्वातीन दिवसांत संपवले."

"तात्या, आज नको."

"अगं, गोष्ट नाही सांगत. तिघांनी रेघा मारल्या ना, त्या..."

"तात्या." तिनं डोळे मिटले होते. "परवा तुम्ही म्हणालात कुत्र्यानं शेपटीनं पंखा सुरू केला. त्याच्या आधी म्हणालात लिफ्टमधे कुणीतरी म्हातारा होऊन बाहेर पडला. मला झोपू द्या. तो तुम्हाला हवा आहे हे मला माहितीये. त्याच्यासाठी हे सगळं रचायला नको."

आणि ती झोपायला गेली. मी आयुष्यात ज्या काही गोष्टी सांगितल्या, त्या सगळ्या दारात गर्दी करून उभ्या राहिल्या आणि ही एक खरी मधून बाहेर पडेना.

दोनला मुलगा आला. बूट काढायच्या आत मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "झोपायचं नाही." मग सुनेच्या दारावर टकटक केली.

या घरात असा आवाज कधी झाला नव्हता. गोटीसुद्धा भुंकायचं विसरला. सून केस विस्कटलेले, एक हात भिंतीला धरून बाहेर आली. चेहरा पांढरा.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. बस."

"मग उठवलंत का? कोण गेलं, तात्या, सरळ सांगा."

"कुणी नाही! बस म्हटलं ना."

ती बसली. मुलगा तिच्याकडे बघून म्हणाला, "तू दिवसा अशी दिसतेस?"

"तुझ्या कानात मैदा आहे," ती म्हणाली.

मी फ्रिजवरचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि काही म्हणालो नाही. हे मला फार जड गेलं. दोघांनी कागदाकडे बघितलं. मुलगा बघता बघता डुलायला लागला, मी त्याला कोपरानं ढोसलं. सुनेचं बोट निळ्या रेघेवर गेलं, मग पुढच्या निळ्या रेघेवर, मग तिसऱ्या. ती औषधांचे तक्ते वाचणारी बाई आहे. तिला तिसऱ्या रेघेनंतर सांगावं लागलं नाही.

"ही माझी," ती म्हणाली. "ही माझी. हीपण. मी चारच वेळा घातलंय याला."

"मी तीनदा," मुलगा म्हणाला.

"मीही तीनदा," मी म्हणालो. "दहा झाले."

"मला शनिवारी वाटलं होतं की जरा लवकर होतंय," सून म्हणाली. "पण म्हटलं कागदावर सात आहे, माझंच काहीतरी चुकत असेल. आज काय वार आहे?"

"मंगळवार," मुलगा म्हणाला.

"गुरुवार ना?" ती म्हणाली.

"बुधवार," मी म्हणालो. "बाईंच्या वहीत बघून आलोय."

गोटी टेबलाखाली येऊन तिघांच्या पायांवर एकदम पडला, कारण तेवढ्या लांबीचा तो आहे. मला वाटलं, झालं, सुटला. पण सून हळू आवाजात म्हणाली, "तात्या, हे कळल्यावर तर मला अजूनच वाटतं की याला दादाकडे पाठवावं. त्याच्या पोटाचं काही नाही हो. आपलंच घर असं आहे. जिथं माणसांना वार माहीत नाही तिथं मुकं जनावर कशाला ठेवायचं? वखारीत निदान रोज सकाळी एकच माणूस त्याला खायला घालेल."

इतकं बरोबर बोलणाऱ्या माणसाला काय उत्तर देतात?

"मग मलापण पाठव दादाकडे," मुलगा म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "रोज एकच माणूस जेवायला वाढेल."

"तू वखारीत लाकडावरच झोपशील."

"साखळी लांब आहे ना?"

सुनेनं त्याच्या डोक्यावर टपली मारली, मैदा उडाला. मग तिनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. ती हसते आहे की रडते आहे ते कळेना, बहुतेक दोन्हीसाठी अंगात ताकद नव्हती.

"बरं," ती हातांमागून म्हणाली. "दादाला सांगते, थांब म्हणून. दहा दिवस. पण घालायचं एकाच माणसानं. तुम्ही, तात्या. आम्ही वाटीला हात लावणार नाही. आणि शेवटी त्याचं पोट कसं आहे ते मी स्वतः बघणार. तुमच्या तोंडून ऐकणार नाही."

"का?"

"का, म्हणजे काय?"

मी उठून भात शिजत टाकला.

दोन दिवस भात. तीन दिवस निळं पोतं. मग मी दहा दिवसांचं अन्न एकाच बैठकीत मोजून कागदी पिशव्यांत भरलं, दिवसाला तीन, प्रत्येकीवर तारीख, आणि कपाटात रांगेनं उभ्या केल्या. गल्लीच्या टोकाचा वर्तमानपत्रवाला मला रोज एक पान देऊ लागला, तारीख बघायला ते मी खिशात ठेवायचो. सकाळची नऊची वाटी घालायला बागेतला फेरफटका सोडून यावं लागे, दुपारी दोनची घालायला डोळे ताणून बसावं लागे. दुपारची झोप गेली. सत्तरीत झोप चुकवणं म्हणजे काय ते आमच्या घरात इतर दोघांना सांगून उपयोग नव्हता, त्यांना ते आधीच माहीत होतं. चौथ्या दिवशी दुपारी वाटी घालता घालता मी गोटीच्या पाठीवर डोकं टेकलं आणि साडेचारला जागा झालो. वाटी तशीच. गोटी हललेलाही नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी मी त्याला फिरवून आणला तेव्हा सून दारात उभी होती. "कसं आहे?"

"दगडासारखं!"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पट्टा दोनदा हातात गुंडाळला.

"थोडं मऊ," मी म्हणालो. "जरासं. शेवटाला."

"रंग?"

"पिवळसर."

"मग उद्या पाऊण भाग नको. अजून एक दिवस अर्धंच घाला." ती आत गेली, परत बाहेर आली. "आणि पाणी जास्त पितोय का बघा."

कपाटातल्या तारखा मी पुन्हा एकेक खोडून पुढच्या लिहिल्या. दहाचे अकरा झाले. दोनदा ती पाळीवरून आल्या आल्या बूट न काढता गोटीच्या पोटाला हात लावून बघताना मला दिसली. मी बाल्कनीत निघून गेलो.

अकराव्या दिवशी पूर्ण वाटी तपकिरी पोत्यातली. गोटीनं ती खाल्ली, वाटी चाटली, वाटी ढकलत ढकलत स्वयंपाकघराच्या पलीकडे नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामावरून आली ती वर आलीच नाही. खालूनच तिनं मला हाक मारली.

आम्ही गल्लीच्या टोकाला रिकाम्या जागेपाशी जाऊन उभे राहिलो. तिच्या अंगावर अजून गणवेश, खांद्याला पिशवी, बुटांच्या नाड्या सुटलेल्या. गोटीनं एक झाड हुंगलं. दुसरं हुंगलं. पहिल्याकडे परत गेला.

"रोज एवढा वेळ लागतो?" ती म्हणाली.

"आज तू आहेस म्हणून लाजतोय."

"काल रात्री कुणी गेलं नाही," ती थोड्या वेळानं म्हणाली. "बाराच्या बारा खाटा सकाळी जाग्या झाल्या. चौथ्या खाटेवरच्या बाबांनी तर चहा मागितला."

"दिलास?"

"नाही. साखर आहे त्यांना." मग ती म्हणाली, "अर्धा कप दिला."

गोटी गोल फिरला, परत गोल फिरला, आणि बसला. आम्ही दोघं दुसरीकडे बघत राहिलो. तो उठून दोन्ही मागच्या पायांनी माती उडवून मोकळा झाला तेव्हा ती जवळ गेली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. दहा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईसारखी, एकेक बाजूनं. रस्त्यावरून सायकलवाला गेला, तोही हळू झाला.

"हं," ती म्हणाली.

"हं म्हणजे?"

तिनं सरळ होऊन खिशातून फोन काढला. "दादा? मी. हो, आत्ताच सुटले. ऐक, टेम्पो नको आणूस. नाही, काही झालं नाही. अरे, राखणीला दुसरं बघ ना. हा राखण वगैरे काही करणार नाही, दार उघडलं की चोराच्या गळ्यात पडेल. हो. हो, जेवले. ठेवते." ती जेवली नव्हती.

मी माती उडालेल्या ठिकाणाकडे बघितलं आणि खिशात हात घातला. उचलायची पिशवी आणायची मी विसरलो होतो. दुसरा खिसा. त्यात वर्तमानपत्राचं पान होतं, तारीख बघायला घेतलेलं. मी ते उलगडलं आणि गुडघा वाकवायला सुरुवात केली. गुडघ्यानं आवाज केला.

सुनेनं मला दंडाला धरून थांबवलं. गणवेशाच्या खिशातून रबरी हातमोजा काढला, हातात चढवला आणि पान माझ्या हातून घेतलं.

"तुम्ही वाकू नका, तात्या," ती म्हणाली. "मग तुम्हालाही मलाच उचलावं लागेल."